चालक नसलेल्या गाडीत चालकाचं काम कोण करतं?

ठाण्याच्या एका ताईंनी विचारलं आहे: दिल्लीत विनाचालक मेट्रो धावते, मुंबईतल्या नव्या गाड्याही तशाच बनावटीच्या आहेत, उद्या बसही येतील म्हणतात. कुणी हॅक करून अशी गाडी आदळवू शकेल का? आणि आत-बाहेर इतके कॅमेरे, कार्ड, ॲप. अकरावीत शिकणाऱ्या माझ्या मुलीच्या रोजच्या जाण्यायेण्याची नोंद कुणाच्या हाती पडते?

ताई, मी १९ वर्षं रेल्वे आणि मेट्रोच्या सिग्नल यंत्रणेत काम करते आहे. त्यातली शेवटची १० वर्षं या यंत्रणांत कुणी शिरू शकेल का, हे तपासण्यात गेली. थोडक्यात सांगायचं तर गाडी आदळवणं फार अवघड आहे, थांबवणं त्यामानाने सोपं आहे, आणि माझी झोप उडते ती थांबवण्याच्या शक्यतेने. मुलीच्या प्रवासाची नोंद एकाच्या नव्हे, अनेकांच्या हाती पडते. कुणाकुणाच्या, हे तिकीट काढण्याच्या खूप आधी, टेंडर लिहिताना ठरलेलं असतं.

आता सविस्तर.

चालक काय काय करतो ते आठवा. समोर बघतो. शंका आली की ब्रेक लावतो. दारात कुणाची बॅग अडकली तर दार पुन्हा उघडतो. गाडी मध्येच थांबली तर माइकवरून चार शब्द बोलतो. काही चुकलं तर चौकशीत उभा राहतो. केबिन रिकामी झाली म्हणून यातलं एकही काम संपत नाही. ती कामं संगणकाकडे, रेडिओकडे, कॅमेऱ्याकडे आणि नियंत्रण कक्षात बसलेल्या माणसाकडे जातात. एकेक काम कुठे गेलं हे शोधत गेलं की धोका कुठे आहे ते दिसू लागतं. तपासणीला गेले की मी हाच क्रम धरते, म्हणून उत्तरही त्याच क्रमाने देते.

आधी ब्रेक. आजच्या विनाचालक मेट्रोत सीबीटीसी नावाची, रेडिओवरून चालणारी सिग्नल यंत्रणा असते. रुळांमध्ये ठरावीक अंतरावर बसवलेले टॅग आणि चाकांच्या फेऱ्या यांवरून गाडी स्वतःची जागा ओळखते आणि ती मार्गाकडेच्या संगणकाला कळवते. तो तिला सांगतो, अमुक ठिकाणापर्यंत जा, त्यापुढे नाही. ही परवानगी सतत नवी होत राहावी लागते. ती आली नाही, किंवा आलेल्या निरोपात काही जुळलं नाही, की गाडी आपणहून ब्रेक लावते. शिवाय पॉइंट, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे सांधे, आणि मार्ग सांभाळणारी इंटरलॉकिंग नावाची यंत्रणा वेगळी असते. दोन गाड्या रुळांच्या एकाच तुकड्यावर येतील असा हुकूम नियंत्रण कक्षातून चुकून आला किंवा मुद्दाम दिला, तरी इंटरलॉकिंग तो मानत नाही. गाडीतला संगणकही एकटा नसतो; दोन किंवा तीन संगणक तेच गणित करतात आणि उत्तरं जुळली तरच गाडी हलते. म्हणून कुणीतरी लांब खोलीत बसून दोन मेट्रो समोरासमोर आणेल, ही शक्यता मी फारच कमी धरते.

पण एक गोष्ट माझ्या व्यवसायातली माणसंही विसरतात. ही दुहेरी-तिहेरी रचना बिघाडासाठी केलेली आहे. एक संगणक तापला, एक वायर तुटली, तर दुसरा सावरून घेतो. तिन्ही संगणकांत एकच सॉफ्टवेअर असेल तर त्यातली उणीवही तिघांत एकच असते, आणि ती शोधून आलेल्या माणसापुढे तिघं एकदमच हरतात. जिथे ही तटबंदी मुळातच नसते, तिथे काय होतं ते पोलंडच्या वूच शहराने २००८ च्या जानेवारीत पाहिलं. १४ वर्षांच्या एका मुलाने टीव्हीच्या रिमोटमध्ये फेरफार करून ट्रामचे पॉइंट बदलले. चार ट्राम रुळांवरून घसरल्या, १२ माणसं जखमी झाली. हुकूम देणारा कोण आहे हे त्या पॉइंटना विचारताच येत नव्हतं. मेट्रोचं इंटरलॉकिंग त्यापेक्षा कितीतरी पुढचं आहे, तरी तपासणीत माझा पहिला प्रश्न आजही तोच असतो: हा हुकूम खरंच त्याच्याकडून आला, हे यंत्राला कशावरून कळतं?

शंका आली की थांबायचं, ही रेल्वेची फार जुनी शिस्त आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. पण हल्ला करणाऱ्याचं काम त्यामुळेच सोपं होतं. त्याला गाडीवर ताबा मिळवायची गरज उरत नाही. शंका पेरली की पुरतं.

नोव्हेंबर २०१२ मध्ये चीनमधल्या शेन्झेनच्या मेट्रो गाड्या मध्येच ब्रेक लावून थांबू लागल्या. कारण निघालं प्रवाशांच्या खिशातले छोटे वाय-फाय राउटर. सिग्नलचा रेडिओ आणि ते राउटर एकाच २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात बोलत होते. कुणाचाही वाईट हेतू नव्हता आणि तरी हजारो लोक अडकले. ऑगस्ट २०२३ मध्ये पोलंडमध्ये मात्र हेतू होता. तिथल्या रेल्वेत जुन्या रेडिओवर ठरावीक तीन सूर वाजवले की आसपासच्या गाड्या आपोआप थांबतात; आणीबाणीसाठी केलेली सोय. ते सूर कुणालाही ऐकता येतात, कुणालाही वाजवता येतात, त्यांना कुलूपच नाही. श्चेचिनजवळ वीसहून अधिक गाड्या अशा थांबवल्या गेल्या.

सिंगापूरची गोष्ट मी प्रत्येक प्रशिक्षणात सांगते. तिथली सर्कल लाइन पूर्णपणे विनाचालक आहे. २०१६ च्या ऑगस्टअखेर तिच्या गाड्यांचा सिग्नल अचानक तुटायला लागला, कधी इथे, कधी तिथे. बाहेरून कुणी रेडिओत ढवळाढवळ करतंय का, इथपर्यंत संशय गेला. शेवटी सरकारी डेटा विश्लेषकांनी प्रत्येक घटनेची वेळ, जागा आणि दिशा एका आलेखावर मांडली. तेव्हा दिसलं की उलट दिशेने जाणारी एकच गाडी जवळ आली की शेजारच्या मार्गावरची गाडी थांबते. ती गाडी पीव्ही४६. तिच्यातलं बिघडलेलं सिग्नल उपकरण इतरांच्या रेडिओत गोंधळ घालत होतं. तो हल्ला नव्हता, बिघाड होता. आणि हे कळायला नोव्हेंबर उजाडला. पहिल्या तासात हल्ला आणि बिघाड एकसारखेच दिसतात. फरक कळतो तो नीट ठेवलेल्या नोंदींमुळे आणि त्या वाचणाऱ्या माणसांमुळे. ज्या टेंडरमध्ये नोंदी किती दिवस ठेवायच्या आणि कोण वाचणार हे लिहिलेलं नसतं, तिथे ती मेट्रो आंधळी असते असं मी स्पष्ट लिहून देते.

आता हे मुंबईत आणून बघा. २अ, ७ आणि ३ या मार्गिकांच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशाच बांधलेल्या आहेत. सेवा सुरू करताना गाडीत ऑपरेटर ठेवला गेला. दिल्लीत २८ डिसेंबर २०२० ला मजेंटा लाइनवर विनाचालक सेवा सुरू झाली, तिथेही आधी गाडीत मदतनीस होताच. हा सावधपणा योग्य आहे आणि तो लवकर सोडू नये असं माझं ठाम मत आहे. मुंबईची मार्गिका ३ साडेतेहतीस किलोमीटरची, जवळजवळ सगळी जमिनीखाली. संध्याकाळी साडेसहाला भरलेली गाडी बोगद्यात थांबली, पंखे मंदावले, दहा मिनिटं कुणी काही बोललं नाही, तर लोक दारं ओढायला लागतात. एकदा माणसं रुळांवर उतरली की त्या मार्गाची वीज बंद करावी लागते आणि मागच्या सगळ्या गाड्या अडकतात. हल्लेखोराने फक्त रेडिओ बंद पाडलेला असतो. पुढचं सगळं नुकसान आपल्या तयारीच्या अभावाने होतं.

१२ ऑक्टोबर २०२० ला मुंबईची वीज गेली तेव्हा लोकल जागच्या जागी थांबल्या होत्या. मार्च २०२१ मध्ये राज्याच्या गृहमंत्र्यांनी सायबर घातपाताची शक्यता बोलून दाखवली, केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी मानवी चूक म्हटलं. कारण काहीही असो, त्या दिवशी प्रत्येक लोकलमध्ये एक मोटरमन आणि एक गार्ड होता. विनाचालक गाडीत तो माणूस किती मिनिटांत पोहोचणार, हा माझ्या मते सायबर सुरक्षेचाच प्रश्न आहे. अनेक बैठकांत मला सांगितलं गेलं की तो ऑपरेशन विभागाचा प्रश्न आहे, तुमचा नाही. मी तो अहवालात पहिल्या पानावर लिहिते.

लांबून मदत करणारा माणूस हे त्यावरचं पुरेसं उत्तर नाही. २० डिसेंबर २०२५ ला सॅन फ्रान्सिस्कोत वीज गेली आणि चौकांतले सिग्नल बंद पडले, तेव्हा वेमोच्या विनाचालक टॅक्सी जागोजागी उभ्या राहिल्या. बंद सिग्नलवर काय करायचं हे त्यांना शिकवलेलं होतं, पण खात्री करून घेण्यासाठी इतक्या गाड्यांनी एकाच वेळी मदत कक्षाला विचारलं की उत्तरं वेळेत मिळेनात. एका माणसामागे किती गाड्या हा आकडा शांत दिवसावरून ठरवला की वाईट दिवशी हेच होतं.

दुसरं काम किल्लीचं. चालक असताना गाडीची किल्ली त्याच्या आणि डेपोच्या हातात असायची. आता किल्ल्या किती, हे बऱ्याचदा मालकालाच माहीत नसतं.

२०२५ मध्ये नॉर्वेतल्या ओस्लोच्या रुटर या सार्वजनिक वाहतूक संस्थेने एक उत्तम काम केलं. दोन इलेक्ट्रिक बस डोंगराच्या पोटातल्या खाणीत नेल्या, जिथे बाहेरचा रेडिओ पोहोचत नाही, आणि तिथे त्या उघडून तपासल्या. युटोंग या चिनी कंपनीच्या नव्या बसमध्ये मोबाइल सिमच्या वाटेने निर्मात्याला सॉफ्टवेअर बदलण्याची, बिघाड तपासण्याची आणि बॅटरी-वीज नियंत्रणापर्यंत पोहोचण्याची सोय आढळली. म्हणजे ती बस लांबून चालवता येणार नाही, पण तत्त्वतः लांबून थांबवता किंवा निकामी करता येईल. दुसरी, व्हीडीएल या डच कंपनीची जुनी बस, हवेतून, म्हणजे मोबाइल नेटवर्कवरून, सॉफ्टवेअर घेतच नव्हती. बसमधले कॅमेरे इंटरनेटला जोडलेले नव्हते, हेही रुटरने प्रामाणिकपणे सांगितलं. युटोंगने आपण नियम पाळतो असं उत्तर दिलं. मला यात चीन हा मुद्दा दुय्यम वाटतो. कुठल्याही देशाचा निर्माता हवेतून सॉफ्टवेअर पाठवतो तेव्हा त्याच्याकडे किल्ली असतेच, आणि त्याच्याकडून ती चोरीला गेली तर चोराकडेही जाते. रुटरला एक सोय सापडली, ती फार मोलाची: सगळा संपर्क एकाच सिमवरून जात होता, त्यामुळे ते काढलं की बसचा बाहेरशी संपर्क तुटतो आणि ती स्वतंत्र होते.

सिमवरून आठवलं. काही वर्षांपूर्वी एका मेट्रोच्या उपकरण खोलीत आम्ही नकाशा हातात घेऊन एकेक डबा मोजत होतो. नकाशात १४ उपकरणं, रॅकमध्ये लुकलुकणारी १५. पंधरावा होता एक मोबाइल राउटर. उभारणीच्या काळात पुरवठादाराच्या इंजिनिअरने रात्री-अपरात्री घरून मदत करता यावी म्हणून तो लावला होता, हेतू चांगला होता, आणि काम संपल्यावर तो काढायचा राहून गेला. त्याचा पासवर्ड कारखान्यातून आला तोच होता. दीड वर्ष तो तिथे होता. फायरवॉलवर मोठा खर्च झालेला होता, आणि मागचं दार या डब्यातून उघडं होतं. तेव्हापासून मी कागदपत्रं वाचण्याआधी रॅक मोजते.

किल्ली निर्मात्याकडे असण्याचा आणखी एक पैलू पोलंडमध्येच समोर आला. डिसेंबर २०२३ मध्ये ड्रॅगन सेक्टर या गटाच्या संशोधकांनी जाहीर केलं की नेवाग कंपनीच्या काही रेल्वेगाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये अशा अटी सापडल्या, ज्यांमुळे दुसऱ्या वर्कशॉपमध्ये काही दिवस उभी राहिलेली गाडी सुरूच होत नसे; त्यात वर्कशॉपची जीपीएस स्थानंसुद्धा होती. कंपनीने आरोप फेटाळले. निवाडा काहीही होवो, गाडी विकत घेणाऱ्याला आतलं सॉफ्टवेअर तपासण्याचा हक्क करारात असलाच पाहिजे. चालक असलेल्या गाडीत हा हक्क महत्त्वाचा आहे, विनाचालक गाडीत तो नसेल तर तुम्ही गाडी विकत घेतलीच नाही, भाड्याने आणली.

रस्त्यावरच्या बसबद्दल फार लांबण लावत नाही. २०१५ मध्ये मिलर आणि व्हॅलासेक या दोन सुरक्षा संशोधकांनी धावत्या जीप चेरोकीत मोबाइल नेटवर्कमधून शिरून तिचं इंजिन आणि ब्रेक हाताळून दाखवले, आणि कंपनीला १४ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. तिथून वाहनांच्या सायबर सुरक्षेचा, संयुक्त राष्ट्रांचा आर-१५५ हा नियम आला. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या गाडीला तो लागू आहे. त्याच धर्तीवर आपल्याकडे एआयएस-१८९ आणि एआयएस-१९० ही मानकं तयार झाली; या मानकांच्या समितीचं कामकाज पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेतून चालतं. वेगमर्यादेच्या पाटीवर चिकटपट्टी लावून कॅमेऱ्याला ३५ चे ८५ वाचायला लावल्याचा प्रयोग २०२० मध्ये झाला होता आणि बातम्यांत तोच जास्त गाजतो. मला तो मोठा धोका वाटत नाही. ठरलेल्या मार्गावरच्या बसला वेगमर्यादा नकाशातच दिलेली असते, पाटीवर तिने विसंबू नये. हजार बसना एकाच रात्री जाणारं सॉफ्टवेअर हा खरा धोका. एक पाटी एका बसला फसवते. एक बिघडलेला अपडेट सकाळी सगळा डेपो बंद ठेवतो.

तिसरं काम आवाजाचं, आणि याबद्दल मी कळकळीने लिहिते आहे, कारण सुरक्षेच्या यादीत ते नेहमी शेवटी येतं. चालक नसलेल्या गाडीत प्रवाशांना ऐकू येणारा एकमेव आवाज म्हणजे घोषणेचा स्पीकर, आणि दिसणारा एकमेव संदेश म्हणजे डब्यातला पडदा. हे दोन्ही ‘प्रवासी माहिती’ या खात्यात टाकले जातात, सिग्नलपेक्षा कमी महत्त्वाचे ठरतात आणि वाय-फाय, जाहिराती, कॅमेरे यांच्याच जाळ्यावर बसवले जातात. जुलै २०२१ मध्ये इराणच्या रेल्वे स्थानकांच्या फलकांवर गाड्या रद्द झाल्याचे खोटे संदेश झळकले आणि चौकशीसाठी म्हणून देशाच्या सर्वोच्च नेत्याच्या कार्यालयाचा दूरध्वनी क्रमांक दिला गेला. सप्टेंबर २०२४ मध्ये ब्रिटनच्या १९ रेल्वे स्थानकांवर वाय-फायला जोडणाऱ्या प्रवाशांना दहशतवादी हल्ल्यांबद्दलचा द्वेषपूर्ण मजकूर दिसला. तिथे फक्त फोनवर दिसला. तोच मजकूर भर गर्दीत, बोगद्यातल्या स्पीकरवरून आला असता तर?

आपल्याला हे कल्पनेने समजून घ्यायची गरज नाही. २९ सप्टेंबर २०१७ ला एल्फिन्स्टन रोड स्थानकाच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पाऊस होता, गर्दी होती, पूल अरुंद होता. बचावलेल्या काहींनी सांगितलं की फुलं पडल्याची आरोळी ‘पूल पडला’ अशी ऐकली गेली. ज्या शहरात एका शब्दाने असं होऊ शकतं, तिथे घोषणा यंत्रणेला सिग्नलइतकंच कडक कुलूप हवं. तिचं जाळं वेगळं हवं, पडद्यावर कोण काय पाठवू शकतं याची दुहेरी परवानगी हवी, आणि गाडी थांबली की तीस सेकंदांच्या आत खऱ्या माणसाचा आवाज, मराठीत, डब्यात यायला हवा. लोकांना खरी माहिती लवकर मिळाली की खोटीला जागा कमी उरते.

चौथं काम डोळ्यांचं, आणि इथे तुमचा दुसरा प्रश्न येतो. चालकाचे दोन डोळे समोर बघायचे आणि बघितलेलं संध्याकाळपर्यंत विसरायचे. त्यांच्या जागी आलेले कॅमेरे विसरत नाहीत. विनाचालक गाडीत डब्यातले कॅमेरे हवेतच. कुणाला चक्कर आली, कुणी त्रास दिला, दारात कोण अडकलं, हे नियंत्रण कक्षाला दुसऱ्या कशाने कळणार? मी कॅमेऱ्याच्या विरोधात नाही. चित्र किती दिवस राहतं, कोण बघतं, आणि त्यावर चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर कुणाच्या परवानगीने बसतं, याला माझी हरकत आहे. रस्त्यावरच्या विनाचालक बसचे कॅमेरे तर बाहेरही बघतात. तिकीट न काढलेला, बसमध्ये कधीही न बसलेला माणूसही त्यात टिपला जातो. अमेरिकेत पोलिसांनी विनाचालक टॅक्सींचं चित्रण न्यायालयाच्या वॉरंटने मागवलेलं आहे. तिथे निदान वॉरंट लागलं.

चेहऱ्यापेक्षाही मला तिकिटाची काळजी जास्त आहे, कारण ती कुणाला दिसत नाही. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने मायकी प्रवास कार्डांच्या सुमारे १८० कोटी नोंदी एका स्पर्धेसाठी खुल्या केल्या. दीड कोटी कार्डं, तीन वर्षं, नावं आणि कार्ड क्रमांक काढून टाकलेले. मेलबर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी आपल्या एक-दोन प्रवासांच्या वेळा आठवून स्वतःची कार्डं शोधली. मग ज्या सहकाऱ्याबरोबर प्रवास केला त्याचं. मग आपण कुठून गाडी पकडली हे समाजमाध्यमावर लिहिणाऱ्या एका आमदाराचं. एकदा कार्ड सापडलं की तीन वर्षांचा सगळा प्रवास उघडा. हे नवल नव्हतं. १५ लाख मोबाइलधारकांच्या हालचालींवरच्या २०१३ च्या एका संशोधनात दिसलं होतं की कुठे आणि केव्हा अशा चार नोंदी मिळाल्या तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखू येतात. तुमच्या मुलीचं घर, कॉलेज, क्लास आणि आजीचं घर, झाल्या चार.

म्हणून ‘नाव काढून टाकलं आहे’ या वाक्यावर मी विश्वास ठेवत नाही. नोंद ठेवायचीच असेल तर थोडे दिवस ठेवा, मग वेळ तासात आणि स्थानक विभागात गोळा करून मूळ नोंद पुसा. नियोजनाला तेवढं पुरतं.

आणि धोका नेहमी हॅकरकडूनच येतो असं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये एका बातमीने दाखवलं की न्यूयॉर्कच्या ओम्नी तिकीट यंत्रणेच्या संकेतस्थळावर कुणाच्या बँक कार्डाचा क्रमांक आणि मुदत माहीत असेल तर त्या कार्डाचा सात दिवसांचा प्रवास पाहता यायचा. पासवर्ड लागत नव्हता. कार्डाचा क्रमांक कुणाला माहीत असतो? घरातल्या माणसाला, सोडून गेलेल्या नवऱ्याला, पाठलाग करणाऱ्या ओळखीच्याला. बातमी आल्यावर ती सोय बंद झाली. बायका आणि मुली रोज प्रवास करतात त्या यंत्रणेची तपासणी करताना मी प्रत्येक पडद्यापुढे हाच प्रश्न विचारते: घरातलाच माणूस शत्रू असेल तर यातून त्याला काय मिळेल?

लंडनची सार्वजनिक वाहतूक सांभाळणाऱ्या टीएफएल या संस्थेवर सप्टेंबर २०२४ मध्ये सायबर हल्ला झाला तेव्हा गाड्या धावत राहिल्या, कारण कार्यालयाचं जाळं आणि गाड्यांचं जाळं वेगळं होतं. मात्र सुमारे ५,००० प्रवाशांच्या बँक खात्याचे तपशील उघडे पडले असण्याची शक्यता निघाली, आणि सुमारे ३०,००० कर्मचाऱ्यांना ओळख पटवून पासवर्ड बदलण्यासाठी प्रत्यक्ष यावं लागलं. पहिली अटक झाली ती १७ वर्षांच्या एका मुलाला. गाडी सुरक्षित असते आणि प्रवासी उघडा पडतो, हे दोन्ही एकाच दिवशी होऊ शकतं.

आपल्याकडचा कायदा म्हणजे २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य बंधनं १८ महिन्यांनी लागू होतात. दंड २५० कोटी रुपयांपर्यंत आहे. तुमची मुलगी १८ वर्षांखालची असल्याने तिच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवणं किंवा त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं कायद्याने मना आहे, काही सवलती सोडून. याच कायद्यात सरकारला अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना सूट देता येते. सार्वजनिक वाहतूक सरकारी कंपन्यांच्या हाती असताना ही सूट मला फार रुंद वाटते. सायबर घटना घडल्यावर सहा तासांत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवायचं आणि नोंदी १८० दिवस ठेवायच्या, हा एप्रिल २०२२ चा आदेश चांगला आहे. पण त्यात प्रवाशाला कळवा असं नाही.

शेवटचं काम उत्तरदायित्वाचं. २ ऑक्टोबर २०२३ ला सॅन फ्रान्सिस्कोत दुसऱ्या गाडीने उडवलेली एक पादचारी स्त्री क्रूझ कंपनीच्या विनाचालक टॅक्सीपुढे पडली. टॅक्सी थांबली, आणि मग ‘बाजूला हो’ या नियमाप्रमाणे तिला खाली घेऊनच सुमारे सहा मीटर पुढे सरकली. चालक असता तर खाली उतरून पाहिलं असतं. पुढे कंपनीने नियामकांना दिलेल्या अहवालात फरफटीचा उल्लेखच नव्हता. खोटा अहवाल दिल्याचं कंपनीने २०२४ मध्ये मान्य केलं. या घटनेत हॅकर कुणीच नाही. पण पुरावा ज्याच्या सर्व्हरवर आहे तोच आरोपी असेल, तर खरं काय घडलं हे कळणं त्याच्या मर्जीवर राहतं. म्हणून विनाचालक गाडीच्या नोंदींची एक प्रत, बदल केला तर कळेल अशी मोहोरबंद, तिसऱ्या संस्थेकडे जायला हवी.

आता तुम्ही काय करायचं. मुलीला डब्यातलं आपत्कालीन बोलण्याचं बटण एकदा दाखवून ठेवा. गाडी थांबली तर दार ओढायचं नाही, त्या बटणावरून बोलायचं. स्थानकाचं मोफत वाय-फाय वापरू नये, फोनचं वाय-फाय प्रवासात बंद ठेवावं. मेट्रोच्या तिकिटाच्या ॲपला लोकेशन आणि फोनमधल्या नावांची परवानगी लागत नाही, ती काढून टाका. तिचं प्रवास कार्ड तुमच्या बँक कार्डापासून वेगळं असू द्या, आणि कार्डाचा फोटो कुणाला पाठवू नये हे तिला सांगा.

याने घराचं दार बंद होतं, यंत्रणेचं नाही. त्यासाठी माहिती अधिकाराचा अर्ज करा. सरकारी मेट्रो कंपनी या कायद्याने सार्वजनिक प्राधिकरण आहे. सिग्नलचे आराखडे मागू नका, ते देणार नाहीत आणि देऊही नयेत. हे विचारा: डब्यातलं चित्रण किती दिवस ठेवतात आणि ते पाहण्याचा अधिकार कोणत्या पदांना आहे. चेहरा ओळखणारं सॉफ्टवेअर वापरलं जातं का, कुठल्या आदेशाने. तिकिटाच्या नोंदी कुठल्या बाहेरच्या कंपन्यांना मिळतात आणि करार संपल्यावर त्या पुसल्याचा दाखला घेतात का. पुरवठादाराला लांबून यंत्रणेत येण्याची परवानगी कोण देतं, आणि ती दरवेळी नोंदवली जाते का. विनाचालक गाडी बोगद्यात थांबल्यास प्रशिक्षित कर्मचारी किती मिनिटांत पोहोचावा असं ठरलं आहे, आणि त्याचा शेवटचा सराव कोणत्या तारखेला झाला.

शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी वाचा, आणि तारीख दिली नसेल तर पहिलं अपील त्याच मुद्द्यावर करा. मसुदा लागला तर कळवा, मी करून देईन.